नारिंगी जॅकेटं घालून जंगलात

जुलैत दक्षिण आफ्रिकेत थंडी असते हे जुलैत कुवेतमध्ये बसलेल्या माणसाला कितीही सांगा, पटत नाही. बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही, नळाचं गार पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं, आणि आपण बॅगेत स्वेटर भरायचे? आम्ही नाही भरले. भरली ती नारिंगी जॅकेटं.

जॅकेटांचं कारण माझा नवरा. अविनाश अहमदीला तेलाची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे सेफ्टी ऑफिसर आहे, आणि घरी आल्यावरही तो ते काम खाली ठेवत नाही. कुवेतमधल्या आमच्या रिग्गईच्या फ्लॅटमध्ये दिवाळीत फुलबाजी पेटवण्याआधी पाच मिनिटांचं भाषण असतं. त्याच्या गळ्यात शिटी असते. एक लांब शिटी वाजली की असाल तिथून निघायचं आणि ठरलेल्या जागी गोळा व्हायचं. आमची ठरलेली जागा म्हणजे इमारतीखालची हारिसची, म्हणजे आमच्या वॉचमनची, खुर्ची. आमची मुक्ता अक्षरं शिकण्याआधी त्या खुर्चीकडे पळायला शिकली.

मी एका भारतीय शाळेत बसगाड्यांचं काम बघते. डोकी मोजणं, भांडणं सोडवणं आणि खिडकीतून थुंकणाऱ्याला पुढच्या सीटवर आणून बसवणं हा माझा धंदा. त्यामुळे घरात शिस्तीची चणचण नाही.

मुक्ताला बारावीला चांगले मार्क पडले. काय हवं विचारल्यावर ती म्हणाली, "बुश वॉक." म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या झुडपी माळरानात, ज्याला तिकडे बुशवेल्ड म्हणतात, गाडीतून उतरून प्राण्यांच्या मधून पायी चालायचं. अविनाशने आधी जेवण संपवलं, मग हात धुतले, मग म्हणाला, "सहल करू. चालायचं नंतर बघू."

हे 'नंतर बघू' मला माहीत होतं. पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात तिची अ‍ॅडमिशन झाली होती, हॉस्टेलची खोली मिळाली होती, आणि त्यावरही त्याचं 'नंतर बघू' चालूच होतं. रिग्गईतच राहून, एसीत बसून बाहेरून पदवी घेता येते, असं तो हल्ली जेवताना सहज सुचल्यासारखं बोलायचा. मुक्ता ताट उचलून आत जायची.

आमच्याबरोबर वरच्या मजल्यावरचे शमीमभाभी आणि रशीदभाई आले. मूळचे रत्नागिरीकडचे. रशीदभाईंचं शुवैखला गॅरेज आहे, आणि ते बसल्या जागी झोपू शकतात. शमीमभाभी जलीबच्या दुकानातून सुका जवळा घेतल्याशिवाय कुठल्याही देशात जात नाहीत.

विमानाचं काही सांगत नाही. विमानं सगळी सारखीच असतात.

कॅम्प

जोहान्सबर्गहून उत्तरेला गाडी चालवत गेलं की शेतं संपतात आणि काटेरी झुडपं सुरू होतात. लाल माती, वाळलेलं पिवळं गवत, पानं झडलेली झाडं. एप्रिलात घाट चढून देशावर आल्यावर जसा माळ दिसतो, तसाच. फरक इतकाच, की या माळावर जिराफ उभा होता आणि आमच्याकडे बघत चघळत होता.

"मेला कसा बघतोय," शमीमभाभी म्हणाल्या. "जसं काय आपणच बघायला ठेवलंय."

रशीदभाई झोपले होते.

आम्ही घेतलेल्या घरांना स्वयंपाकघर होतं, शेगडी होती, कुंपण नव्हतं. कुंपण नाही हे अविनाशला तिथे पोचल्यावर कळलं. कुवेतमध्ये आम्ही हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकून राहतो, पण तिथे जनरेटर असतो, गालिचा असतो, शेजारच्या तंबूत टीव्ही असतो, आणि भटकत आलाच तर एखादा उंट येतो. इथे पायऱ्यांवरच कुणाचं तरी शेण पडलेलं होतं.

आमची गाईड रिफिल्वे ही माझ्याच वयाची, भरल्या अंगाची बाई. डोक्यावर लोकरी टोपी, कमरेला सुरी. बोलणं एकदम थोडक्यात. मला ती लगेच आवडली.

"इथली असेंब्ली पॉइंटची, गोळा व्हायची जागा कुठली?" अविनाशने विचारलं.

रिफिल्वेने विचार केला. "गाडी," ती म्हणाली. मग बोटाने दाखवत, "नाहीतर ते झाड. कोण येतंय त्यावर आहे."

अविनाशला हे उत्तर आवडलं नाही. पण त्याने झाडाकडे नीट बघून घेतलं.

संध्याकाळी शमीमभाभींनी जवळा परतायला घेतला. कांदा, मिरची, कोकम, सगळं त्यांनी बरोबर आणलेलं. वास सुटला आणि दारात मुंगूस आलं. मग त्याच्यामागे दुसरं, मग त्यांची सगळी वाडीच. सगळी मागच्या पायांवर उभी राहून आत बघायला लागली.

"काय गो शुभांगी, आता यांनाही वाढू?"

"दार लावा," मी म्हटलं.

"लावत्ये. पण किती आशेने बघतायत बघ. आमच्या मोहल्ल्यात पोरं अशीच उभी राहायची."

रिफिल्वे वासामागून चौकशीला आली. तिने चमचाभर चाखला, डोळे बारीक केले आणि वाटी मागितली. बदल्यात तिने सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या दिल्या. बिल्टाँग म्हणतात त्याला. चावायला आमच्या चपलेच्या पट्ट्याइतकं चिवट, पण चव बरी. शमीमभाभींनी आधी हलाल आहे का विचारून घेतलं. नव्हतं. त्यांनी ते अविनाशच्या पानात ढकललं.

मक्याच्या पिठाची घट्ट उकड तिथे रोजच्या जेवणात असते. नाव 'पाप'. आपल्या तांदळाच्या उकडीची सख्खी बहीण, फक्त तिला ताक आणि मिरची कुणी दाखवलेली नाही. आम्ही दाखवली.

पहाटेची फेरी

उघड्या जीपमधून पहाटे निघायचं होतं. दार उघडलं आणि थंडी अंगावर आली. शमीमभाभींनी पलंगावरची चादर काढून बुरख्यावरून गुंडाळली.

"थांबा," अविनाश म्हणाला, आणि त्याने बॅग उघडली. आतून पाच नारिंगी जॅकेटं निघाली. चकाकत्या पट्ट्यांची, आतून अस्तर असलेली, हिवाळ्यात रात्रपाळीच्या माणसांना देतात ती. त्याने ती उबेसाठी आणली नव्हती. हरवलो तर दुरून दिसावं म्हणून आणली होती. पण ऊब होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने घातली.

रिफिल्वेने जीपच्या दिव्यात आम्हाला बघितलं. पाच माणसं, ओळीने उभी, झगझगीत.

"तुम्ही रस्ता दुरुस्त करायला आलात?" तिने विचारलं.

"सेफ्टी," अविनाश म्हणाला. "दिसायला हवं."

"कुणाला?"

अविनाशने जॅकेटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. पंचवीसेक वर्षं त्याने माणसांना 'दिसत राहा' एवढंच शिकवलं होतं. इथे पहिला नियम दिसू नका, दुसरा आवाज करू नका, आणि तिसरा पळू नका. त्याच्या धंद्याचं पुस्तकच कुणीतरी उलटं धरलं होतं. रिफिल्वेने जॅकेटं काढून सीटखाली ठेवायला लावली आणि जाड घोंगड्या दिल्या. मुक्ताने हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मी सवयीने डोकी मोजली. रिफिल्वेही मोजत होती. आमची नजरानजर झाली.

त्या सकाळी आम्ही काय काय बघितलं ते सांगते. इम्पाला नावाची हरणं, कुवेतच्या फरवानियात कबुतरं असतात तितकी. गुडघे टेकून चरणारं रानडुक्कर, नमाजाला बसल्यासारखं. असं मी नाही, शमीमभाभी म्हणाल्या, आणि लगेच 'तौबा' म्हणाल्या. एक बिबट्या, झाडावर पाय लोंबकळत सोडून पडलेला. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. जीप सुरू झाल्यावर रशीदभाई जागे झाले आणि म्हणाले, "इंजिनाला टॅपेटचा आवाज आहे." बिबट्याचं सांगितलं तर त्यांना वाटलं आम्ही थट्टा करतोय. अजूनही वाटतं.

मध्येच जीप थांबवून चहा असतो. रुईबोस नावाच्या झुडपाचा लाल चहा, ज्यात चहा नसतो, आणि दगडासारखे टोस्ट. ते बुडवूनच खायचे. हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

चहानंतर खेळ होता. हा खेळ मी रिग्गईत कुणाला सांगितला नव्हता, पण आता लिहितेच. कुडू नावाच्या मोठ्या हरणाच्या वाळलेल्या लेंड्या असतात, बोराएवढ्या. एक तोंडात धरायची आणि जास्तीत जास्त लांब थुंकायची. तिकडची कुटुंबंच्या कुटुंबं हे करतात. स्पर्धा लावतात.

"छे छे," शमीमभाभी म्हणाल्या आणि चादर तोंडावर ओढून घेतली.

अविनाशने जंतूंविषयी विचारलं. मुक्ताने थुंकली, ती तिच्याच बुटावर पडली. रिफिल्वेची बरीच लांब गेली. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम?"

इतकी वर्षं मी थुंकणाऱ्या पोरांना बारकाईने बघत आले आहे. मान कशी मागे घेतात, गाल कसे फुगवतात, सगळं पाठ. मी लेंडी घेतली. चवीला गवत. मान मागे घेतली.

रिफिल्वेने पावलं टाकत जाऊन बघितलं, परत आली आणि माझा हात हातात घेऊन हलवला.

"मम्मी!" मुक्ता किंचाळली. "ओ माय गॉड, यू वन!"

"हे शाळेत कुणाला कळता कामा नये," मी म्हटलं, आणि चूळ भरली.

सही

पायी फिरायला अठराखालच्या मुलांना आईवडिलांपैकी एकाची सही आणि सोबत लागते. मुक्ताला अठरा व्हायला थोडे महिने होते. दुपारी रिफिल्वे कागद घेऊन आली. अविनाश चष्मा लावून वाचायला बसला. एकेक ओळ. मग प्रश्न. बंदूक शेवटची कधी तपासली, जवळचा दवाखाना कुठे, गाईडचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधी झालं. रिफिल्वे सगळ्याची सरळ उत्तरं देत होती. मुक्ता दाराशी उभी राहून नखं खात होती.

"जोखीम कमी करता येत नाही," शेवटी तो म्हणाला. "मी सही करू शकत नाही."

"बाबा, प्लीज. इट्स द ओन्ली थिंग आय आस्क्ड फॉर."

"बेटा, प्रश्न तुझा नाही..."

"इट्स ऑल्वेज माझा!"

मी कागद ओढला आणि सही केली. आईवडिलांपैकी एक असं लिहिलं होतं. मी त्यांपैकी एक आहे.

अविनाशने चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "ठीक आहे. मीही येणार. पण तिथे एकही गोष्ट चुकली, एकही, तर पुण्याचं आपण विसरायचं. इथे आपण दोघं, गाईड आणि बंदूक असताना सांभाळता आलं नाही, तर तिथे ती एकटी काय करणार?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "डील." आणि त्याच्यापुढे हात केला. तो थोडा दचकला. मग त्याने हात मिळवला. आता पुणं त्या फेरीला बांधलं गेलं. मला ते मुळीच पसंत नव्हतं, पण दोघंही माझं ऐकणाऱ्यांतली नाहीत.

शमीमभाभी म्हणाल्या, "अविनाशभाई, जंगलातलं जनावर तुमच्या घरातल्या भानगडीत कशाला ओढताय?"

पायी

दुसऱ्या सकाळी निघालो. पुढे रिफिल्वे बंदूक घेऊन, तिच्यामागे तिचा जोडीदार, म्हणजे दुसरा गाईड, मग मुक्ता, अविनाश आणि शेवटी मी. शमीमभाभी म्हणाल्या की त्या कॅम्पवर बसून आमच्यासाठी दुआ करतील. रशीदभाई त्यांना सोबत करायला थांबले, म्हणजे काय ते वाचकांना कळलंच असेल.

निघण्याआधी रिफिल्वेने सांगितलं, "एका रांगेत. बोलायचं नाही. फोन गाडीत ठेवायचे. मी हात वर केला की जिथे आहात तिथे दगड व्हायचं. काहीही झालं तरी पळायचं नाही."

मुक्ताने फोन ठेवला. मी ठेवला. अविनाशने मान हलवली.

पायी चाललं की जंगल वेगळंच दिसतं. जीपमधून ते चित्रासारखं असतं, पायी ते आपल्याभोवती असतं. रिफिल्वे वाकून मातीतले ठसे दाखवायची. हा तरसाचा, हा साळिंदराचा, इथे हत्ती झाडाला अंग घासून गेला, चिखल अजून ओला आहे. मुक्ताही वाकून बघायची, बोटाने ठसा मोजायची, हळूच काही विचारायची. घरी तिला फ्रीजमधलं दही दिसत नाही. इथे तिला सगळ्यांच्या आधी दिसायचं.

आधी तिलाच दिसली. हत्तीण. नदीच्या कोरड्या पात्राच्या काठावर, झाडासारखीच करडी, आणि तिच्या पोटाखाली पिल्लू. मुक्ताने जोडीदाराच्या खांद्याला हात लावला, त्याने रिफिल्वेला, आणि रिफिल्वेचा हात वर गेला.

आम्ही दगड झालो. वारा आमच्याकडे येत होता. हत्तीण फांदी मोडून खात होती, मोडण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. पिल्लू स्वतःच्याच सोंडेवर पाय देऊन अडखळलं. मला हसू येणार होतं.

आणि सायरन वाजला.

कुवेतच्या उन्हाळ्यात साइटवरच्या माणसांना ऊन लागू नये म्हणून दर तासाला पाणी प्यायला लावतात. अविनाशच्या फोनवर त्याचा सायरन लावलेला असतो. रजेवर असला तरी. फोन बंद केला तरच तो थांबतो, नुसता आवाज बंद केल्याने नाही. आणि फोन गाडीत नव्हता. तो त्याच्या खिशात होता, 'इमर्जन्सीसाठी'.

हत्तीण वळली. कान पसरले. ते कान किती मोठे असतात हे चित्रात कळत नाही. ती आमच्याकडे चालत आली, घाई न करता, माती उडवत.

मला स्पष्ट दिसत होतं अविनाशचं काय होतंय. सायरन म्हणजे असेंब्ली पॉइंट. त्याच्या पायांना दुसरं काही माहीतच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही पायांना हारिसची खुर्ची आठवली. तो वळला, एक पाऊल टाकलंच त्याने.

मुक्ताने त्याचा पट्टा पकडला.

"बाबा," ती कुजबुजली, "हलू नकोस."

आमची मुलगी मराठी फक्त ताप आल्यावर बोलते. तो थांबला. तिने दुसरा हात त्याच्या खिशात घातला, फोन काढला आणि न बघता बंद केला. पट्टा सोडला नाही.

पुढे रिफिल्वे हत्तिणीशी बोलायला लागली. ओरडून नाही. तिच्या भाषेत, खालच्या, ठाम आवाजात. शब्द मला कळले नाहीत, पण सूर ओळखीचा होता. शेवटच्या सीटवरच्या पोराला मी त्याच सुरात सांगते की मी तिकडे यायच्या आत तू खाली बस. हत्तीण थांबली. डोकं हलवलं, कानांचा फडफडाट झाला, आमच्या अंगावर धूळ आली. मग तिने पिल्लाला सोंडेने पुढे ढकललं आणि झाडीत निघून गेली.

रिफिल्वेने वळून आधी डोकी मोजली. मग अविनाशपुढे तळहात धरला. मुक्ताने त्यावर फोन ठेवला.

शेगडीपाशी

संध्याकाळी शेगडीवर कोंबडी भाजत होती. शमीमभाभींना सगळं कळलेलं होतं, त्यामुळे त्या कोंबडी गरजेपेक्षा जास्त वेळा उलटत होत्या. मुक्ता निखाऱ्यांकडे बघत बसली होती. डील म्हणजे डील, हे तिला बापानेच शिकवलं होतं.

अविनाश उभा राहिला. साइटवर काही घडलं की तो उभा राहून सांगतो, तसा.

"आज घटना घडली," तो म्हणाला. "मी कारण तपासलं. गाईडने सूचना स्पष्ट दिली होती. मुक्ताने पाळली. शुभाने पाळली. एका माणसाने फोन जवळ ठेवला आणि सायरन झाल्यावर जागा सोडली. कारण, मी."

"ते आम्हाला ठाऊक आहे," मी म्हटलं. "पुढे?"

"आमच्यात घटना घडली म्हणून साइट बंद करत नाहीत. ज्याच्यामुळे घडली त्याला साइटवरून काढतात. पुन्हा प्रशिक्षण होईपर्यंत." त्याने गळ्यातली शिटी काढली आणि मुक्ताच्या हातात दिली. "पुणं चालू राहील. मी सस्पेंड."

मुक्ताला कळायला क्षणभर लागला. "फॉर हाऊ लाँग?"

"ते तू ठरवायचं."

"अल्ला," शमीमभाभी म्हणाल्या, "कोंबडी जळली." खरंच जळली होती. आम्ही ती तशीच खाल्ली. रशीदभाई म्हणाले, "छान झालीय." त्यांना जाग आली होती.

रिग्गई

परत आल्यावर मी बॅगा रिकाम्या केल्या. चार जॅकेटं निघाली. एक जीपच्या सीटखाली राहिलं असेल असं धरून मी नाद सोडला, कुवेतच्या ऑगस्टमध्ये ते कुणाला हवं होतं?

मुक्ता ऑगस्टअखेर गेली. विमानतळावर अविनाशने एकही सूचना दिली नाही. तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. ती आत दिसेनाशी होईपर्यंत तो दगड होऊन उभा होता, आणि नंतरही बराच वेळ. शेवटी पार्किंगची वेळ संपत आली म्हणून मी त्याला पट्ट्याला धरून हलवला.

गेल्या आठवड्यात तिचा फोटो आला. पुण्याचा कुठलासा चौक, पाऊस, रिक्षा, बस, आणि त्या सगळ्याच्या मधोमध सायकलवर मुक्ता, नारिंगी जॅकेट घालून. जंगलात ज्याचा काही उपयोग नव्हता ते तिथे अगदी बरोबर दिसत होतं. मैलावरून दिसली असती. खाली लिहिलं होतं, 'एव्हरीवन लाफ्स. बट दे हिट द ब्रेक्स.'

अविनाशने फोटो मोठा केला. अजून मोठा केला.

"जॅकेटाची चेन लावलेली नाही," तो म्हणाला, आणि अंगठा टाइप करायला वर गेला.

"तू सस्पेंड आहेस," मी म्हटलं.

अंगठा हवेतच थांबला. तेवढ्यात पाण्याचा सायरन वाजला. तो जागचा हलला नाही. सायरन वाजत राहिला, फोटोवरची नजर त्याने काढली नाही, आणि शेवटी मीच उठून दोन पेले पाणी आणलं.